डोळे सरळ दाखवणारा फोन

१० फेब्रुवारी, मंगळवार. पेण

रंगवाल्याने दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडून होती. आज रागावलोय म्हणून उघडली. घरात राग काढायची सोय नाही. बायकोला, वृंदाला, चिडून काही सांगावं तर ती हसत सुटते, आणि सून ऋजुता इतकी शांत की तिच्यावर ओरडलं तर आपल्यालाच लाज वाटते.

झालं ते असं. आमच्या गणपतीच्या मूर्ती परदेशी पाठवणारे शेठ वारले, तेव्हापासून त्यांचा मुलगा अनय धंदा बघतो. शेठचं माझ्याशी सगळं काम शब्दावर चालायचं. अनयने यंदा नवा नियम काढलाय. रंगवून झालेल्या प्रत्येक मूर्तीच्या चेहऱ्याचा जवळून फोटो पाठवायचा, त्याने पास केला की मगच ती खोक्यात भरायची. साठ मूर्तींचं काम आहे. आज पहिल्या तीन मूर्तींचे फोटो मी स्वतः काढून पाठवले. तासाभरात उत्तर आलं: "काका, डोळे खालीवर वाटतात. डावा खाली उतरलाय."

हे मला! आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं, मी चाळीस वर्षं करतोय. अंगाचे रंग कारखान्यात दहा जण देतात. डोळे घरातल्या एकानेच काढायचे, आधी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मग मी. लोक मूर्ती घेतात ती डोळे बघून. गेल्या वर्षी तर तिकडून मुद्दाम कळवलं होतं, इतके जिवंत डोळे यापूर्वी आले नव्हते म्हणून. हे एक काम हातातून गेलं तर मी कारखान्यात रंगाचे डबे उचलून ठेवायला तेवढा उरेन.

दुपारी झोपून उठल्यावर त्या तिन्ही मूर्ती नीट पाहिल्या. डोळे अगदी समोरासमोर, सूतभर फरक नाही. म्हणजे खोटं बोलतोय तो फोन. जुना झालाय, कडेला तडाही गेलाय. नवा घ्यायचा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुन्हा तेच. फोटोत डावा डोळा खाली, चार वाजता बघावं तर सरळ.

आमची पद्धत इथे लिहून ठेवतो, म्हणजे फोनचीच लबाडी कशी ते स्पष्ट होईल. सकाळी आखणीला बसायचं. डावा डोळा मिटायचा, उजवा ब्रशच्या टोकाला लावायचा. काम संपलं की मूर्तीच्या तोंडावर मलमलीचं फडकं टाकायचं, जेवायचं, झोपायचं, आणि चार वाजता दारात उभं राहून ताज्या नजरेने बघायचं. मधे फडकं उचलायचं नाही. नुकत्याच केलेल्या कामावर आपली माया असते, तिच्यापायी दोष दिसत नाहीत, असं अण्णा सांगत. फोटो मी फडकं टाकण्याआधी काढतो, कारण तेव्हा वरच्या काचेतून ऊन चांगलं येतं. मूर्तीकडे बघत नाही, फोनमध्ये बघतो, त्यामुळे अण्णांचा नियमही मोडत नाही.

ऋजुता म्हणाली, "बाबा, फोटो चारनंतर काढूया का? मी काढत जाईन."

"चारला ऊन पाठीमागे जातं," मी म्हटलं.

"दिवा लावू."

"बाप्पाला काय लग्नात उभं करायचंय, दिवे लावून फोटो काढायला?"

ती हळूच म्हणाली, की नवा फोन घेण्याची तशी गरज नाही. तिला माझा नवा फोन का नको आहे, काही कळत नाही. एरवी पोरगी मनाची मोठी आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

रोह्याला जाऊन आलो. पेणला मोबाइलच्या दुकानांची काही कमी नाही, पण इथे पाऊल टाकलं की गोपूकाकांचे फोटो नापास होतात ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर, पार रामवाडीपर्यंत पोचेल. मुलगा यज्ञेश रोह्याला कंपनीत आहे, त्याच्या ओळखीचं एक दुकान तिथे आहे. त्याने जाताना एवढंच बजावलं, "बाबा, फोन कशासाठी हवाय ते आधी ठरवा, नाहीतर दुकानातला सांगेल ते घेऊन याल." मी एसटीत वडखळ येईपर्यंत ठरवून टाकलं. डोळे सरळ दाखवावेत. बाकी काही नसलं तरी चालेल.

दुकान हफ्सा नावाची मुलगी चालवते. वडील कुवेतला होते, भाऊ जुहेब आता दुबईत. मोठी हुशार पोरगी. मी म्हटलं, चांगल्यातला चांगला कॅमेरा दाखव. तिने एकही खोका उघडला नाही.

"काका, आधी मला सांगा, दिवसभर फोनवर काय काय करता? बोलता जास्त का बघता जास्त? लोकं येतात नि शेजाऱ्याकडं हाय तोच द्या म्हणतात. आपलं काम काय ते सांगतच नायत."

मी आखणीचं सांगितलं. अनयचं नाव न घेता तक्रारही सांगितली. तिने एका फोनवर माझाच फोटो काढून दाखवला. मी दहा वर्षांनी लहान, गालावर एक सुरकुती नाही.

"हे आपोआप होतं काका. बंद ठेवायचं, नायतर बाप्पाचा पण चेहरा गुळगुळीत करून टाकील."

मला वाटलं, चोर सापडला! पण माझ्या जुन्या फोनमध्ये हा प्रकारच नाही असं तिने तपासून सांगितलं. मग तिने कॅमेऱ्यातली जाळी चालू करून दिली. काचेवर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. आडव्या रेघेवर मूर्तीचे दोन्ही डोळे धरले की खालीवर आहेत का ते ताबडतोब समजतं. युक्ती मला एकदम पसंत पडली. मी नेहमीसारखा डावा डोळा मिटून फोन जवळ धरला, तर काय, रेघाच वाकड्या! मधोमध येऊन खाली झुकतात. दुसरा फोन घेतला, तोही तसाच. तिसरा तिपटीने महाग, त्याच्याही रेघा मधे झुकलेल्या. एवढ्या मोठ्या कंपन्या आणि एक सरळ रेघ ओढता येऊ नये?

हफ्सा माझ्याकडे बघत राहिली. "काका, तुम्हाला शुगर हाय?"

"आहे थोडी. गोळी घेतो. तिचा इथे काय संबंध?"

"दोन्ही डोळं उघडं ठेवून बघा ना."

"कामाला बसतो तेव्हा मी असाच बघतो."

"आमच्या अम्मीला पण ना..." ती सांगायला लागली, तेवढ्यात रिचार्जला कुणी आलं आणि ते राहून गेलं. मधला फोन तिने माझ्या हातात दिला. "पंधरा-वीस दिवस वापरून बघा. मोठी जागा हाय ह्याच्यात, फोटो-व्हिडिओ कितीपण काढा. नाय पटला तर परत आणा." गिऱ्हाइकाच्या तब्येतीच्या चौकशा सोडल्या तर मुलगी चोख आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या फोनवर पाच मूर्तींचे फोटो काढले. चित्र स्वच्छ, रंग जसेच्या तसे, पीतांबराच्या चुण्या मोजता येतात. आणि डावा डोळा खाली. चार वाजता मूर्ती सरळच.

अनयचा फोन आला. आवाज अदबीचा, पण बोलणं लागेल असं. "काका, मी बुधवारपर्यंत थांबतो. नाहीतर असं करू, मूर्ती तुमच्या, रंग तुमचे, फक्त डोळे दुसऱ्या कारखान्यात काढून घेऊ. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे.

जेवताना ऋजुताने विषय काढला, "बाबा, मला चष्म्याचा नंबर तपासायला पनवेलला जायचंय. तुम्हीही चला ना, एकदा दाखवून टाकू." मी म्हटलं, तू जा, मला साठ मूर्ती आहेत. वृंदा एरवी अशा वेळी माझी टिंगल करते. आज तिने मान खाली घालून आमटी वाढली. दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आंघोळ करताना सुचलं. हफ्साने सांगितलं होतं, फोनमध्ये जागा भरपूर आहे. मग सोमवारी आखणी संपली की फोन रंगांच्या डब्यांमध्ये टेकवून ठेवायचा आणि व्हिडिओ चालू करायचा, थेट चार वाजेपर्यंत. फडकं टाकलेलं दिसेल, चारला मी ते उचललेलं दिसेल. मधे मूर्तीला कुणाचा हात लागला नाही, म्हणजे जी सकाळी होती तीच संध्याकाळी आहे, हे अनयला डोळ्यांनी दिसेल. मग बोल म्हणावं, आखणी वाकडी का तुझे फोटो वाकडे.

घरात कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वृंदा म्हणाली असती, म्हातारपणी गुप्तहेर झालात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

व्हिडिओ झाला. चार तासांच्या वरचा. पाठवायला गेलो तर एवढा मोठा जाईना, म्हणून निदान दोन टोकं कापून पाठवावीत असा विचार करून मीच बघायला बसलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी ऋजुता येते. हात धुतलेले, पदराला पुसत. मूर्तीला नमस्कार करते. फडकं उचलते आणि नुसती बघत बसते, बराच वेळ. मग कापसाचा बोळा ओला करून डावा डोळा पुसून टाकते. माझा काढलेला. पांढरा भरते, वाळू देते, वारा घालते. माझाच ब्रश घेते. दोन्ही डोळे उघडे ठेवून, श्वास रोखून पापणीची रेघ ओढते. एकदाच. मग बुबुळ, मग त्यातला तो पांढरा ठिपका. मागे सरकून बघते. ब्रश धुते, मी ठेवला होता तसाच, त्याच कोनात ठेवते. फडकं टाकते. जाताना माझ्या खोलीच्या दाराकडे बघते.

मी ते तीनदा बघितलं. पहिल्यांदा नुसता संताप आला. माझ्या घरात माझ्या पाठीमागे! दुसऱ्यांदा बघताना तिची रेघ पाहिली. तिसऱ्यांदा फक्त रेघच पाहिली. अण्णांच्या हातची असावी इतकी सुरेख आहे. मला ती तशी कधी जमली होती, आठवावं लागेल.

चहाला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

ब्रश हातात घेतला नाही. कुणी का म्हणून विचारलं नाही, त्याअर्थी घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

कारखान्यात माणसं यायच्या आत ऋजुताला हाक मारली. फोन तिच्यासमोर ठेवला. पहिल्या दहा सेकंदांतच ती समजली आणि रडायला लागली. मी रागवायचं ठरवून बसलो होतो, ते राहूनच गेलं.

"कधीपासून गो?"

"गेल्या मे महिन्यापासून." पदराने नाक पुसत म्हणाली. "आधी एखाद-दुसरी असायची बाबा. मग महिन्याभरात जवळजवळ सगळ्याच."

"मला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्या दिवसापासून ब्रश ठेवला असतात. आईही म्हणाल्या, राहू दे, थोडे दिवस जाऊ देत. पनवेलला तरी न्यावं म्हणून मी किती निमित्तं काढली."

"आणि शिकलीस कुठे?"

"तुमच्या शेजारी बसून बारा वर्षं रंग देते मी."

गेल्या मे महिन्यापासून. गेल्या वर्षीची परदेशची खोकी जूनमध्ये गेली. ज्या डोळ्यांचं कौतुक मी वर्षभर ज्याला त्याला ऐकवलं, ते हिचे. आणि मी ते ऐकवत असताना ही समोर बसून पोहे वाढत होती. मला आज स्वतःची फार लाज वाटते.

दुपारी तिला म्हटलं, सोमवारची मूर्ती फोटो काढून पाठव. दहा मिनिटांत अनयचं उत्तर: "वा काका! आता कसे आले! नवा फोन घेतलात वाटतं." मी "हो" लिहून पाठवलं. खोटं म्हणता येणार नाही, पण खरंही नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पनवेल. डॉक्टरांनी उजव्या डोळ्यासमोर चौकटींचा एक कागद धरला. म्हणाले, रेघा कशा दिसतात? मी म्हटलं, मधे झुकलेल्या. डावा उघडून बघा म्हणाले. सरळ झाल्या. रोह्याच्या दुकानात तीन कंपन्यांना नावं ठेवली होती मी.

साखरेमुळे डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे. इंजेक्शनं घ्यायची. जे आहे ते टिकेल, गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही. डाव्या डोळ्याने काम करून बघू का विचारलं. ते म्हणाले, "व्यवहार सगळा होईल. बारीक कामाचा हट्ट धरू नका." ऋजुता बाजूला होती. तिने माझा हात धरला आणि मी तो धरू दिला.

५ मार्च, गुरुवार

पुन्हा रोहा. हफ्साचा रोजा होता, तरी माझ्यासाठी चहा मागवलान. मी एकटा कसा पिऊ म्हटलं तर म्हणाली, "प्या हो काका, पाहुण्याला उपाशी ठेवलं तर माझा रोजा कसला?" मी तिला डोळ्याचं सांगितलं. तिच्या अम्मीचंही तेच झालं होतं, पण तिला सुई लागायला फार उशीर झाला. त्या दिवशी हे बोलायचं राहिलं म्हणून तीच माझी माफी मागायला लागली. खरं तर मी ऐकलं नसतं.

"मग आता सांगा, काय काय करणार फोनवर?"

पहिल्यांदा मी या प्रश्नाचा नीट विचार केला. अक्षरं मोठी हवीत. आलेला निरोप वाचून दाखवणारा हवा. गोळ्यांच्या, इंजेक्शनच्या तारखांना ओरडून सांगणारा हवा. डोळे सरळ दाखवायचं काम मी त्याच्याकडून काढून घेतलं. तिने एक साधा फोन दिला, मी मागितला असता त्याच्या निम्म्या किमतीचा, आणि तिथेच बसवून अक्षरं मोठी करून दिली.

"आणि हा कॅमेऱ्याचा? परत घेऊ?"

"नाही. तो सुनेच्या नावाने बिल कर."

७ मार्च, शनिवार

वीस मूर्ती पास. सगळ्या ऋजुताच्या. ती अजून दुपारीच बसते, मी झोपल्यावर. सवय म्हणते.

खरं लिहायचं तर मला हे सोयीचं वाटू लागलंय. मी सकाळी ब्रश घेऊन बसतो, नुसता भुवया रेखाटतो. कारखान्यातल्या माणसांना गोपूकाका जागेवर दिसतात. अनय मला काका, काका करतो. ऋजुता तोंड उघडणार नाही. असं दोन-तीन वर्षं सहज ओढता येईल. आज वृंदाला हे बोलून दाखवलं. तिने विचारलं, "आणि तिचं काय?" मी म्हटलं, तिला काय कमी आहे. वृंदा उठून आत गेली. रागावली की ती बोलत नाही, एवढं मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

९ मार्च, सोमवार

आज अनयला फोन केला. आधी दोनदा नंबर लावून तोडला. मग एका दमात सांगितलं. या वर्षीची आखणी माझी नाही. गेल्या वर्षी तुम्ही ज्यांचं कौतुक कळवलंत ते डोळेही बहुतेक माझे नव्हते. माझ्या सुनेचे आहेत, तिचं नाव ऋजुता.

तो म्हणाला, "काका, मला सांगितलंत ते ठीक. पण लोक तुमच्या नावावर घेतात. आपण दोघंच गप्प राहू ना."

"नाही," मी म्हटलं. "खोक्यावरच्या कागदात तिचं नाव घाल."

"मग मला सगळ्यांना विचारावं लागेल. काही जण मागे फिरतील. मी तीस मूर्तींचं नक्की सांगतो, बाकीच्यांचं नंतर बघू."

तीस तर तीस म्हटलं आणि फोन ठेवला. मागे वळलो तर ऋजुता दारात, हातात फोटो काढायचा फोन. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, निम्मं काम घालवलंत! कशाला सांगितलंत? मी केलं असतं की. तुमच्याच नावाने, जन्मभर केलं असतं."

"केलं असतंस गो," मी म्हटलं. "म्हणून तर सांगितलं."

कट्ट्यावर दुपारी करायच्या मूर्ती झाकून ठेवल्या होत्या. अकरा वाजले होते, वरच्या काचेतून ऊन आत आलं होतं, आणि कारखान्यातली सगळी माणसं आपापल्या जागेवर होती. ऋजुता त्यांच्यासमोरून चालत गेली, माझ्या पाटावर बसली आणि तिने पहिल्या मूर्तीवरचं फडकं काढलं.